मोस्तारचा पूल आणि ओतलेले शिसे

९ नोव्हेंबर १९९३ रोजी बोस्नियातील मोस्तार शहराचा जुना पूल नेरेत्वा नदीत कोसळला. बोस्नियन क्रोएट फौजांनी आदल्या दिवसापासून त्याच्यावर तोफांचा मारा चालवला होता. १५६६ साली पूर्ण झालेला हा पूल ४२७ वर्षे उभा होता. त्याच्या नाशाविषयी जगभर बरेच लिहिले गेले. ते योग्यच होते. पण हा पूल इतकी शतके टिकला कसा, याचाही इतिहास आहे. तो इतिहास सुलतानाच्या फर्मानात सापडत नाही. त्यासाठी दगडांच्या सांध्यात शिरावे लागते.

सुलतान सुलेमानच्या काळात मिमार हैरुद्दीन या वास्तुकाराने हा पूल बांधला. तो थोर उस्मानी वास्तुकार सिनानचा शागीर्द. नदीवर खांब न घेता सुमारे २९ मीटरची एकच कमान त्याने टाकली. दगड तिथलाच, तेनेलिया नावाचा, हलका आणि घडवायला सोपा. असे दगड नुसत्या चुन्यावर सोडून भागणार नव्हते. म्हणून शेजारशेजारच्या दगडांत खाचा पाडून त्यांत लोखंडी आकडे बसवले, थरांमध्ये लोखंडी खुंट्या घातल्या आणि सगळ्या खाचांत वितळलेले शिसे ओतले.

ताकद लोखंडाची, मग शिशाचे काम काय? लोखंडाला पाणी लागले की ते गंजते, आणि गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो. दगडाच्या पोटात फुगणारा हा गंज दगडालाच फोडतो. शिसे लोखंडाला चहूबाजूंनी लपेटून पाणी दूर ठेवते. ते मऊ असल्याने ऊनपावसात दगड किंचित प्रसरला-आकसला तर तेवढे सोसूनही घेते. शिवाय शिसे अवघ्या ३२७ अंश सेल्सिअसला वितळते, म्हणजे ते जागेवरच साध्या भट्टीत पातळ करून ओतता येते. मात्र खाच कोरडी हवी. आत पाणी राहिले तर त्याची एकदम वाफ होऊन तप्त शिसे कारागिराच्या अंगावर उडते. सिंधुदुर्गाच्या पायात शिसे ओतल्याचे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. त्यामागची विद्या हीच.

ती विसरली तर काय होते, हे अथेन्सच्या पार्थेनॉनमध्ये दिसले. प्राचीन ग्रीकांनीही लोखंडी आकडे शिशात बसवले होते. ते दोन हजार वर्षांहून अधिक टिकले. १८९८ नंतरच्या डागडुजीत मात्र शिशाशिवाय लोखंड घातले गेले आणि काही दशकांतच गंजाने संगमरवर तडकवला. पुढे ते लोखंड काढून टायटॅनियम वापरावे लागले. तोही न गंजणारा, लोखंडेतर धातूच.

आपल्या वाचकांना या हुनरची एक खूण कुरआनातही भेटते. सूरह सफ्फमध्ये एकजुटीने रांगेत उभ्या राहणाऱ्यांना ‘मरसूस’ इमारतीची उपमा आहे. या शब्दाचा अर्थ घट्ट सांधलेली असा करतात. काही भाष्यकारांनी त्याचे नाते ‘रसास’ म्हणजे शिशाशी जोडून, शिसे ओतून सांधलेली, असाही अर्थ दिला आहे. सूरह कहफमध्ये जुलकरनैनच्या भिंतीच्या हकीकतीत लोखंड आहे आणि त्यावर ओतलेले वितळलेले तांबेही आहे. आपण या आयती पढतो, त्यांतला उपदेश घेतो. त्यांत भट्टीपाशी उभा असलेला कारागीरही आहे, हे सहसा ध्यानात येत नाही.

हा कारागीर कोण होता? सिनानने १५५० ते १५५७ या काळात बांधलेल्या इस्तंबूलच्या सुलेमानिया मशिदीच्या घुमटांवर शिशाचे पत्रे आहेत. तिच्या बांधकामाच्या मजुरीच्या वह्या शिल्लक आहेत. तुर्की इतिहासकार ओमर लुत्फी बर्कान यांनी त्या तपासून प्रसिद्ध केल्या. त्यांत दिसते की सुलतानाच्या या मशिदीवर खपणाऱ्या कारागिरांपैकी जवळजवळ निम्मे ख्रिस्ती होते. आपल्या दख्खनमध्ये, औरंगाबादला (आताच्या छत्रपती संभाजीनगरला), बीबी का मकबऱ्याच्या पितळी पत्र्याने मढवलेल्या दरवाजावर अताउल्ला आणि हंसपत राय अशी दोन नावे कोरलेली आहेत. इमारत कोणाची, असा वाद आज घालणाऱ्या सर्वांनीच ती वही आणि तो दरवाजा पाहावा.

मोस्तारचा पूल पुन्हा बांधायचा ठरला तेव्हा हंगेरीच्या लष्करी पाणबुड्यांनी नदीतून जुने दगड वर काढले. ते पुन्हा लावण्याजोगे नव्हते, म्हणून त्याच जातीचा नवा दगड काढण्यात आला. लोखंडी आकडे पुन्हा घडवले गेले आणि त्यांच्याभोवती पुन्हा शिसे ओतले गेले. यंत्रांच्या युगातल्या अभियंत्यांनी सोळाव्या शतकातल्या उस्तादांचीच वाट धरली. २३ जुलै २००४ रोजी पूल खुला झाला, २००५ साली तो जागतिक वारसा ठरला. पूल जोडला तेवढ्याने शहराची दोन मने जोडली गेली असे नाही. ते काम शिशाने होत नाही. पण दोन्ही तीरांवरच्या माणसांना समोरासमोर येण्याची वाट तरी पुन्हा मोकळी झाली.

आपल्या इतिहासलेखनात सुलतान, लढाया आणि तहनामे भरपूर आहेत. वारशाचा अभिमानही आपण मोठ्या आवाजात सांगतो. परंतु मोस्तारचा पूल परत उभा राहिला तो केवळ अभिमानावर नाही, तर सांधा कसा भरावा हे पुन्हा शिकता आले म्हणून. आपल्या मोहल्ल्यांतले जुने गवंडी, लोहार, कल्हईवाले आज थोडे उरले आहेत. त्यांच्या हातात जे आहे ते कुठल्याच तवारिखेत लिहिलेले नाही. ते हात आहेत तोवर त्यांच्यापाशी बसून विचारून घ्यावे, लिहून ठेवावे. एखादी मशीद, दर्गा किंवा पूल दुरुस्त करायची वेळ आली की तेच कागद उपयोगी पडतील.