उष्णता, चुंबकत्व आणि नाशिकचे विद्युत-पोलाद

नाशिक, प्रतिनिधी

रोहित्रावर भार असो वा नसो, त्याच्या गाभ्यातील पोलादाचे चुंबकत्व सेकंदाला ५० आवर्तने करीत असते आणि प्रत्येक आवर्तनात थोडी वीज उष्णतेच्या रूपाने वाया जाते. हा अपव्यय कमी करणारे विशेष विद्युत-पोलाद इगतपुरी तालुक्यातील गोंदे-वाडीवऱ्हे परिसरात तयार होते. थिसेनक्रुप समूहाचा येथील कारखाना जानेवारी २०२५ मध्ये जेएसडब्ल्यू आणि जपानची जेएफई यांच्या संयुक्त कंपनीने घेतला. या पोलादाचे गुण उष्णतेशी कसे निगडित आहेत, हे समजण्यासाठी त्याच्या अंतरंगात डोकवावे लागते.

विनिमय बल

लोह, कोबाल्ट व निकेल या धातूंत शेजारच्या अणूंची चुंबकत्वे एकाच दिशेस वळतात. त्यामागे विनिमय बल असते. त्याचा उलगडा हायझेनबर्ग यांनी १९२८ मध्ये पुंज यांत्रिकीच्या आधारे केला. तापमान वाढले म्हणून हे बल एकाएकी नाहीसे होत नाही. अणूंची औष्णिक अस्थिरता त्यावर मात करू लागते. क्यूरी तापमानाला ही शिस्त मोडते. ते निकेलसाठी सुमारे ३५८, लोहासाठी ७७०, तर कोबाल्टसाठी सुमारे १,१२० अंश सेल्सिअस आहे.

प्रदेश आणि भिंती

क्यूरी तापमानाखालीही संपूर्ण धातू एकाच दिशेने चुंबकित नसतो. त्यात निरनिराळ्या दिशांचे ‘डोमेन’, म्हणजे चुंबकीय प्रदेश असतात. दोन प्रदेशांमधील भिंतीत चुंबकत्वाची दिशा हळूहळू पालटते. लोहात ही भिंत शंभराहून अधिक अणुथरांची असते. विनिमय बल भिंतीला रुंद करू पाहते, तर स्फटिकाच्या सोयीच्या दिशांना धरून राहण्याची प्रवृत्ती, म्हणजेच विषमदिक्ता, तिला अरुंद करते. लोह तापवले की दोन्ही क्षीण होतात, परंतु विषमदिक्ता अधिक वेगाने. त्यामुळे भिंती रुंदावतात, त्यांची ऊर्जा घटते आणि धातूतील दोषांच्या अडथळ्यांतून त्या सहज सरकतात. रोहित्राचा गाभा १०० अंशांपर्यंत तापला, तरी संपृक्त चुंबकत्वातील घट एक-दोन टक्क्यांचीच असते.

भट्टीतील किमया

विद्युत-पोलादात सुमारे ३ टक्के सिलिकॉन असते. ते विद्युतरोध वाढवून भोवरी प्रवाह रोखते. मात्र क्यूरी तापमान काहीसे खाली आणते. नॉर्मन गॉस यांनी १९३० च्या दशकात दाखवलेल्या मार्गाने पत्र्यातील स्फटिककण लाटण्याच्या दिशेस अनुकूल केले जातात. त्यासाठी पत्र्याची गुंडाळी सुमारे १,२०० अंशांवर दीर्घकाळ तापवतात. त्या वेळी पोलाद लोहचुंबकीय नसते; तरीही पुढे प्रदेश कोणत्या दिशेने मांडले जातील, हे तेथेच ठरते.

उच्च प्रतीच्या पत्र्यावर लेसरने बारीक आडव्या रेषा ओढतात. त्यांच्या ताणामुळे प्रदेश अरुंद होतात, भिंतींची संख्या वाढते, प्रत्येकीला कमी अंतर सरकावे लागते आणि अपव्यय घटतो.

येथेच सावधगिरी हवी. गुंडाळून बनवलेला गाभा ताणमुक्त करण्यासाठी सुमारे ८०० अंशांवर तापवतात. थंड होताना प्रदेश पुन्हा निर्माण होतात. परंतु लेसरने दिलेला ताण निघून गेल्याने ते रुंद होतात आणि महागड्या पत्र्याचा लाभ हातचा जातो. अशा गाभ्यासाठी कोरीव चरांचा पत्रा निवडावा लागतो, कारण चर उष्णतेने पुसले जात नाहीत. पत्र्याच्या निवडीतील ही चूक रोहित्राच्या संपूर्ण आयुष्यभर, दिवसरात्र, विजेच्या रूपाने भरावी लागते.