आदिलाबादमधील उपवासकाळ

ईस्टरपूर्वी ख्रिस्ती भाविक प्रार्थना, उपवास आणि दानधर्म यांत जे दिवस व्यतीत करतात, त्यांस उपवासकाळ अथवा प्रायश्चित्तकाळ म्हणतात. गोव्यात तो ‘कोरेज्म’ या कोकणी नावाने परिचित असून त्याचा आरंभ राखेच्या बुधवारी होतो. मात्र महाराष्ट्राच्या सीमेवरील, मराठीचाही वावर असलेल्या तेलंगणातील आदिलाबाद जिल्ह्यात कॅथलिक धर्मप्रांताचा उपवासकाळ त्याच आठवड्यात, दोन दिवस आधी, सोमवारी सुरू होतो.

याचे कारण परंपरेत आहे. गोव्याचे चर्च लॅटिन परंपरेचे, तर आदिलाबादचा धर्मप्रांत केरळमध्ये मूळ असलेल्या सीरो-मलबार परंपरेचा. या परंपरेचे मिशनक्षेत्र १९६२ मध्ये चांदा, म्हणजे आजचे चंद्रपूर, येथे स्थापन झाले. १९७७ मध्ये चांदा धर्मप्रांत झाला आणि १९९९ मध्ये त्यातून आदिलाबाद धर्मप्रांत वेगळा करण्यात आला. त्याचे मुख्य केंद्र मंचेरियाल येथे आहे. २०१६ च्या जिल्हा पुनर्रचनेत मंचेरियाल स्वतंत्र जिल्हा झाला. धर्मप्रांताचे नाव मात्र कायम राहिले.

दिवसांची गणनाही भिन्न आहे. लॅटिन परंपरा रविवार वगळून चाळीस दिवस मोजते. येशूने अरण्यात केलेल्या उपवासाचे ते स्मरण होय. सीरो-मलबार परंपरेत आरंभाच्या सोमवारआधीचा रविवार आणि ईस्टर धरून पन्नास दिवस होतात. त्या काळात मांस, मासे, अंडी व दुग्धजन्य पदार्थ वर्ज्य करण्याची जुनी प्रथा आहे.

गणना वेगळी असली तरी आशय एकच आहे. मत्तयच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात दान, प्रार्थना आणि उपवास यांचा एकत्र विचार आढळतो आणि तिन्ही गोष्टी लोकांना दाखविण्यासाठी करू नयेत, अशी ताकीदही आहे. यशया संदेष्ट्याने तर भुकेल्यास अन्न व निराश्रितास आसरा देणे हाच खरा उपवास मानला. उपवास करणाऱ्याने स्वतःचे ताट कमी करावे आणि वाचलेला घास गरजूच्या ताटात जावा, असे हे नाते आहे. हा दुवा तुटल्यास उपवास केवळ आहारनियम उरतो. तो टिकल्यास उपाशी राहणाऱ्याच्याही अंतःकरणाचे पोषण होते.