सागरतळावरील प्रस्तरभंगांचे ध्वनिमापन

सागरतळाच्या खडकांतील प्रस्तरभंगाच्या दोन बाजू परस्परांपासून किती व कोणत्या दिशेने सरकतात, हे पाण्यातून जाणाऱ्या ध्वनीच्या प्रवासकाळावरून ठरविण्याची भूगणितीय पद्धती. जमिनीवर ही मोजणी उपग्रहांच्या साहाय्याने होते. परंतु रेडिओतरंग खाऱ्या पाण्यात फार लवकर शोषले जात असल्यामुळे उपग्रहाचा अंमल समुद्राच्या पृष्ठभागावरच संपतो, आणि त्याखालचा सारा मुलूख ध्वनीच्या हवाली करावा लागतो.

पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे १,५०० मीटर धावतो. प्रस्तरभंगाच्या दोन्ही अंगांस बसविलेले ट्रान्सपाँडर एकमेकांस साद घालतात व प्रतिसाद परत येण्यास लागलेला काळ टिपून ठेवतात. येथवर सारे सोपे. खरी मेख वेगात आहे, कारण तो तापमान, क्षारता व दाब यांप्रमाणे बदलतो. थंड पाण्याचे तापमान मोजताना एका अंशाची चूक राहिली, तर एक किलोमीटर अंतर सुमारे तीन मीटरांनी खोटे ठरते, आणि शोध तर सेंटिमीटरांचा असतो. म्हणून यंत्रासोबत तापमापक व दाबमापक ठेवण्याचा शिरस्ता आहे.

सिसिलीतील एटना ज्वालामुखीच्या समुद्रात बुडालेल्या उतारावर २०१६ मध्ये मांडलेल्या यंत्रांनी मे २०१७ मध्ये आठ दिवसांत ४ सेंमी. सरकण नोंदविली. उलट, इस्तंबूलनजीक मार्माराच्या समुद्रात अडीच वर्षे मोजूनही दप्तर जवळजवळ कोरे राहिले. प्रस्तरभंग तेथे अडकून ताण साठवीत आहे, असा त्याचा अर्थ लावतात, आणि तो मुळीच दिलासा देणारा नाही.

विस्तृत क्षेत्रासाठी जहाजाचे स्थान उपग्रहाने व तळाचे स्थान जहाजावरून ध्वनीने ठरवितात. ही युक्ती कॅलिफोर्नियातील स्क्रिप्स संस्थेच्या फ्रेड स्पीस यांची. ११ मार्च २०११ च्या भूकंपात जपानी तटरक्षक दलाच्या एका तळस्थानकाने मियागीच्या समुद्रात सुमारे २४ मीटरांचे आडवे विस्थापन दाखविले. किनाऱ्यावर ते कमाल सव्वापाच मीटरांच्या आसपासच होते.

सागरतळाच्या भूकंपांची झळ भारतालाही लागली आहे: नोव्हेंबर १९४५ मधील मकरान किनाऱ्याजवळच्या भूकंपाच्या लाटा मुंबईपर्यंत पोचल्या होत्या. आज भारताची त्सुनामी इशारा व्यवस्था २००७ पासून हैदराबादेतून चालते. मात्र तिची तळयंत्रे पाण्याचा दाब मोजतात, आणि ध्वनीचा उपयोग ती वार्ता वरच्या तरंगत्या बोयापर्यंत पोचविण्यापुरताच करतात.