कुमानो ब्रश
जपानच्या हिरोशिमा प्रांतातील कुमानो या गावी हाताने बनणारे ब्रश. एकोणिसाव्या शतकात शेतीला जोड म्हणून येथे सुलेखनाचे कुंचले बनू लागले; त्याच कसबातून पुढे मेकअपचे ब्रश घडले. २०११ मध्ये विश्वविजेत्या जपानी महिला फुटबॉल संघाला सरकारने हेच ब्रश भेट दिले. केसांची टोके कापायची नाहीत, हे यांचे खरे मर्म. शेळीचे किंवा खारीचे केस साच्यात जुळवून आकार देतात. निमुळती नैसर्गिक टोके शाबूत राहिल्याने ब्रश त्वचेला टोचत नाही. पावडर व ब्लशसाठी असे केस उत्तम. द्रव फाउंडेशनला मात्र कृत्रिम तंतूच घ्यावेत, ते द्रव कमी शोषतात. धुतलेला ब्रश आडवा वाळवावा. उभा ठेवल्यास पाणी मुळाशी उतरून गोंद सुटतो.