स्वयंचलित गिअरबॉक्सचे चेंबर उतरवताना

वणी तालुक्यातील निलजई, उकणी येथील खुल्या कोळसा खाणींच्या परिसरात वाहनांच्या तळाशी कोळशाची धूळ आणि काळी माती यांचे थर साचतात. चारही चाकांना ताकद देणाऱ्या ट्रकच्या स्वयंचलित गिअरबॉक्सचे चेंबर उतरवण्यापूर्वी तळ धुऊन वाळवणे, हेच तेथे अर्धे काम होय. धुळीचे कण आतील व्हॉल्व्हच्या बारीक मार्गांत शिरले, तर गिअर बदलण्यात बिघाड होतो. साध्या गिअरबॉक्सला बहुधा केवळ ऑइल सोडण्याचा बोल्ट असतो. २०२२ मध्ये भारतात आलेल्या टोयोटा हायलक्सच्या स्वयंचलित प्रकारासारख्या गाड्यांत मात्र तळाला चेंबर असते.

गाडी सपाट जागी, नुसत्या जॅकवर नव्हे तर भक्कम घोड्यांवर घ्यावी. ऑइल कोमट असावे. कढत ऑइलने हात भाजतात. पुढच्या चाकांकडे जाणारा प्रोपेलर शाफ्ट वा आडवा पट्टा वाटेत आल्यास तो आधी सोडवावा लागतो. पट्टा सोडवताना गिअरबॉक्सला खालून आधार हवाच.

चेंबरमधील चुंबकावरचा मऊ करडा लेप ही नेहमीची झीज. धातूचे तुकडे दिसल्यास नुसते ऑइल बदलून भागत नाही. नवे पॅकिंग लावून बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने, कंपनीने दिलेल्या मापानेच आवळावेत. अति आवळल्यास पत्रा वाकून गळती लागते. बरेच ऑइल कन्व्हर्टरमध्येच राहते. म्हणून निघालेले मोजून साधारण तेवढेच भरावे व पातळी ठरलेल्या तापमानाला तपासावी. जुने ऑइल निर्गुडेच्या काठी ओतणे हा तर गुन्हाच. २०१६ च्या नियमांनुसार तो घातक कचरा असून अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच द्यावा लागतो.