टांगलेल्या हाताची गोष्ट

खांद्याची तुटलेली कंडरा शिवली, म्हणजे पुढे हात हलवावा की बांधून ठेवावा? मंडळी, प्रश्न दिसतो साधा. पण त्याच्या मागे जुने भांडण आहे.

कंडरा म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी चिवट दोरी. एकोणिसाव्या शतकात लिव्हरपूलचे ह्यू ओवेन टॉमस दुखऱ्या हाडासांध्यांना सक्तीची, दीर्घ विश्रांती द्या म्हणत. पॅरिसचे ल्यूका-शांपिओन्येर म्हणत, हलवा, चोळा, नाहीतर सांधा धरेल. दोघांचेही खरे, हीच तर पंचाईत! हलवावे तर शिवण उसवते. न हलवावे तर खांदा आखडतो.

बोस्टनचे डॉक्टर अर्नेस्ट कॉडमन यांनी १९०९ साली अशी कंडरा शिवली आणि १९११ साली तो वृत्तांत छापला. गृहस्थ मोठे हट्टी. प्रत्येक रोग्याची वर्षभराने चौकशी करा, फसले असेल तर तेही जाहीर करा, हा त्यांचा आग्रह सहकाऱ्यांना कसा रुचावा? १९१५ साली त्यांनी भर सभेत डॉक्टरांची टर उडवणारे चित्र लावले, आणि रोष ओढवून घेतला. खांद्यावरचा त्यांचा जाडजूड ग्रंथ १९३४ साली निघाला.

त्यांच्या नावाचा व्यायाम आजही चालतो. चांगला हात मेजावर टेकून कमरेत वाकायचे आणि दुखरा हात आडात सोडलेल्या पोहऱ्यासारखा लोंबू द्यायचा. अंग किंचित डोलवले की हात आपोआप झुलतो. गंमत पाहा, वाकल्यामुळे हात धडाशी काटकोनात आला, म्हणजे सांध्यापुरता वर गेला. पण स्नायूने तो उचललेला नाही! मुद्दाम गरगर फिरवला, तर मात्र स्नायू जागा होतो नि शिवणीला ओढ बसते.

हा व्यायाम केव्हा सुरू करायचा, ते शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनीच ठरवायचे. चीर मोठी असेल तर उशिरा. साधारणतः ४ ते ६ आठवडे हात झोळीत राहतो. मग तो हळूहळू स्वतःच्या बळावर उचलायचा, आणि जोर लावण्याचे व्यायाम ३ महिन्यांच्या सुमारास. बोटे आणि मनगट मात्र बहुधा पहिल्यापासूनच हलवायला सांगतात.

अडचण आहे ती मधल्या दिवसांची. दुखणे थांबते आधी. कंडरा हाडाला पक्की धरते कितीतरी मागाहून. नेमके त्याच दिवसांत आपण झोळी खुंटीला लावून घागर उचलतो, कासरा ओढतो, आणि गुरुजी फळ्याच्या अगदी वरच्या ओळीपासून लिहायला लागतात.