हजेरीतली गावं

स्मरणिकेसाठी काहीतरी जुनं लिहून द्या, असा निरोप आला तेव्हा मला बोर्डिंगातली संध्याकाळची हजेरी आठवली. सर आमच्या नावापुढे गाव वाचायचे. कोणी नेवाशाकडचा, कोणी राहुरीचा, कोणी शेवगावचा. आमच्यापैकी बरेचजण त्या गावांतल्या लहान लहान ख्रिस्ती मंडळ्यांतून आलेले. या मंडळ्या कोणी उभ्या केल्या, हा प्रश्न तेव्हा पडला नाही. पुढे जन्मभर इतिहास शिकवला, तेव्हा पडला.

अमेरिकन मराठी मिशनचं काम नगरला १८३१ मध्ये सुरू झालं आणि १८३३ मध्ये तिथे पहिली मंडळी स्थापन झाली. पुढे बरीच वर्षं खेड्यांतल्या बहुतेक सभासदांची नावं नगरच्याच मंडळीत असत. प्रभुभोजनासाठी माणसं कोसन् कोस चालत यायची. १८५४ च्या अखेरीस मिशनच्या अमेरिकेतल्या बोर्डाचे सचिव रूफस अँडरसन इथे आले. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : मंडळीनं आपला कारभार आपण पाहावा, आपला खर्च आपण उचलावा आणि पुढची मंडळीही आपणच उभारावी. त्याच वर्षी हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. मग खेड्यांतल्या सभासदांच्या वेगळ्या मंडळ्या होऊ लागल्या.

खेड्यातल्या मंडळीची सुरुवात बहुधा शाळेतून होई. एक खोली, एक मास्तर. दिवसा मुलांना बाराखडी, रात्री मोठ्यांबरोबर प्रार्थना, रविवारी उपासना. कृष्णराव सांगळे यांच्यासारख्यांनी ख्रिस्ती कीर्तन रूढ केलं, तेव्हा ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांनाही कथा आपली वाटली. कारभाराला मंडळीतलेच डीकन निवडले जात. खिस्ती आणि मोडक ब्राह्मण घरांतले, तर खेड्यांतल्या मंडळ्यांत बहुसंख्य माणसं महार आणि मांग समाजांतली. त्यांनी एकत्र बसून प्रभुभोजन घेणं ही त्या काळात साधी गोष्ट नव्हती.

पण एक गाठ सुटत नव्हती. नेतृत्व वाटून घेतलं, तरी पैशाची पिशवी मिशनच्याच हाती राहिली. पगार देणाऱ्यापुढे मान तुकवावी लागते, हे मास्तरांनाही कळत होतं. नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची पगारी सेवा सोडून 'देवाचा दरबार' सुरू केला, त्यामागे हीच बोच होती असं मला वाटतं.

माझे आजोबा नेवासे तालुक्यात असेच मास्तर होते. बाहेरून येणारा पगार एका वर्षी थांबला. वडील सांगायचे, त्या रविवारी उपासनेनंतर कोणी उठेना. शेवटी एका म्हातारीनं पदरातली पायलीभर बाजरी टेबलावर ओतली आणि म्हणाली, "मास्तर, शाळा उघडा." सुगीपर्यंत घरोघरी वाटणी ठरली. धान्य कोणी जमा करायचं, उपासना कोणी चालवायची, आजाऱ्याकडे कोणी जायचं, हे आळीपाळीनं ठरलं. आजोबा म्हणत, "त्या दिवसापर्यंत मी मिशनचा मास्तर होतो, त्या दिवसापासून मंडळीचा झालो." शेजारच्या एका गावात मात्र सगळा भार एकट्या मास्तरवर होता. तो गेला, तशी तिथली मंडळीही पांगली.

मिशनरींची नावं संगमरवरावर कोरलेली आहेत, आणि ती असावीत. आपल्या शाळेवर त्यांचं ऋण आहे. पण बाजरी ओतणाऱ्या त्या म्हातारीचं नाव माझ्या वडिलांनाही आठवत नव्हतं. तिची नातवंडं मात्र आपल्याच हजेरीत होती. मेळाव्याला याल तेव्हा आपापल्या गावची अशी एखादी हकीकत लिहून आणा. सांगणारी पिढी आता थोडी उरली आहे.